बाविसावी काच

चादरीची दोन टोकं वहिनीच्या हातात होती आणि दोन टोकं अजून दोरीवरच होती. चांगली मोठी, डबल पलंगाची चादर. दोघींनी धरली तरच तिची धड घडी होते. एकटीने करायला गेलं की ती आपल्याच अंगाला गुंडाळते आणि माणूस भुतासारखं दिसतं. वहिनीने तरी ती एकटीनेच ओढली आणि सवयीने दोन्ही हात वर करून फाडकन झटकली.

शेजारच्या खोलीतून आरोळी आली, "वहिनी! झटकू नकोस गं! अगं, सोनं उडालं माझं!"

वहिनीची पाचावर धारण बसली. चादर तशीच खुर्चीच्या पाठीवर टाकून ती दारात जाऊन उभी राहिली. आत टेबलाशी तिची नणंद दोन्ही हात हवेत धरून थिजली होती, आणि तळहाताएवढा सोन्याचा एक वर्ख छताच्या दिशेने निघाला होता, इतक्या सावकाश की त्याला कुठे पोचायची घाईच नव्हती. वर जाऊन तो जरा थांबला, कलंडला, झोके घेत खाली आला आणि बरोबर वहिनीच्या नाकाच्या शेंड्यावर बसला.

"हलू नकोस. श्वास आत ठेव."

खारीच्या केसांचा चपटा ब्रश पुढे आला, गालाला गुदगुल्या झाल्या आणि वर्ख उचलला गेला.

"चाळीस वर्षांत माणसाच्या नाकावरून पहिल्यांदाच उचलला," नणंद म्हणाली. "तू तर नाकावर माशी बसू देत नाहीस. आज सोनं बसू दिलंस, उपकार झाले."

ही नणंद म्हणजे सोनआत्या. घरातल्या एका पोरीची ती आत्या, पण नाव सगळ्या गल्लीने उचललं होतं. दुकानांच्या काचेच्या दारांवरची सोनेरी अक्षरं, आरशांच्या चौकटी, जाडजूड ग्रंथांच्या कडा, हे सगळं तिचं काम. आणि तिचं सगळ्यात नावाजलेलं काम म्हणजे प्रार्थनाघरांतल्या मोठ्या चित्रांमध्ये देवांच्या, संतांच्या डोक्यामागे असतं ते तेजाचं वलय. वयाच्या सतराव्या वर्षी वडिलांकडून हे शिकली, तेव्हापासून शिडीवर चढून, मान मोडेपर्यंत मागे टाकून, ती ही वलयं लावत आली. वर्ख इतका पातळ असतो की श्वासानेही उडतो, म्हणून ती कामाला बसली की पंखे बंद, खिडक्या बंद, गप्पा बंद. या घरात शिंक आली तर माणूस आधी खोलीबाहेर पळतो आणि मग शिंकतो.

शिकायला लागली त्याच दिवशी वर्ख कापायच्या सुरीने तिचा उजवा अंगठा तिरका चिरला होता. खूण कायमची राहिली. घरातल्या प्रत्येक आरशावर, प्रत्येक पेल्यावर कधी ना कधी तो अंगठा उमटलेला असे: गोलगोल रेषा आणि त्यांच्यातून आडवी निघालेली एक पायवाट. फ्रीजमधली खीर कुणी चाखली हे शोधायला या घरात कधी चौकशी बसवावी लागली नाही.

गेले दोन महिने मात्र ती कुठल्याही शिडीवर चढली नव्हती. भाचीच्या चित्रांवर सोनं लावत होती.

ही भाची म्हणजे वहिनीची एकुलती एक लेक. चित्रकार. चार वर्षांपूर्वी तिने आईवडिलांना समोर बसवून सांगितलं होतं, माझ्यासाठी मुलगा बघू नका, माझं एका मुलीवर प्रेम आहे. वहिनी आठ दिवस रडली, जपाची माळ हातातून सुटली नाही, लेकीचे वडील, दादा, दोन दिवस जेवले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट जेवले. लेक तिच्या खोलीवर परत गेली तेव्हा सोनआत्या एवढंच म्हणाली होती, "वहिनी, तिला फोन कर." वहिनीने केला. तेव्हापासून लेक दर आठवड्याला घरी यायची, आणि आता आली होती ती बावीस चित्रं घेऊन.

चित्रं म्हणजे टॅरोचे पत्ते, पण हातभर लांबीच्या फळ्यांवर रंगवलेले. पहिल्या दिवशी वहिनीने कानावर हात ठेवले होते.

"भविष्य सांगायचे पत्ते? माझ्या घरात? देवाच्या फोटोखाली?"

"आई, यातून भविष्य कळत असतं तर मी गणितात नापास झाले असते का? जुने पत्ते आहेत गं हे. त्यात राजा, राणी, मूर्ख, मनोरा, चंद्र, सूर्य अशी चित्रं असतात. लोक त्यांच्याकडे बघून आपल्या आयुष्याचा विचार करतात. फक्त त्या जुन्या पत्त्यांत आमच्यासारखं कुणी नव्हतंच. म्हणून मी बसवलं."

एकेक फळी भिंतीला टेकून उभी राहिली तशी वहिनी बोलायची थांबली होती. पत्त्यातली सम्राज्ञी म्हणजे लेकीचा मित्र, पेशाने न्हावी. भरघोस दाढी, पायघोळ हिरवा झगा, मांडीवर कात्री-कंगवा आणि चेहऱ्यावर असं समाधान की बघणाऱ्याने आपोआप नीट बसावं. चंद्र म्हणजे रात्रपाळीची एक नर्स. तिच्या आईवडिलांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं आणि आता तिची ओळख करून देताना 'आमची मोठी' म्हणतात. एकांतवासी म्हाताऱ्याच्या हातात जुन्या पत्त्यात कंदील असतो. इथे पांघरुणाखाली बसलेलं एक पोर होतं आणि त्याच्या तोंडावर मोबाइलचा उजेड. आपल्यासारखे आणखी आहेत हे त्याला नुकतंच कळलंय, असा तो चेहरा. मनोऱ्यात विजेने फुटलेली इमारत होती, आणि दारातून बाहेर निघालेली एक मुलगी, हातात फक्त उशी.

त्या उशीपाशी वहिनी बराच वेळ उभी राहिली होती. लेकीला आपण फोन केला नसता तर, हा विचार तिने पुढे जाऊ दिला नाही.

मग प्रत्येकाच्या डोक्यामागे सोनं चढायला लागलं. वहिनीचा जीव पुन्हा खालीवर झाला. लहानपणापासून तिने ते सोनं एकाच जागी पाहिलं होतं. डोळे मिटायच्या आधीचं शेवटचं आणि उघडल्यावरचं पहिलं, देवाच्या मस्तकामागचं.

"ताई," तिने एकदा विचारलंच, "देवामागचं तेज न्हाव्याच्या मागे लावायचं? चालतं का हो?"

वर्ख ब्रशला चिकटावा म्हणून सोनआत्या ब्रश गालावर फिरवत म्हणाली, "सोन्याला काय कळतंय समोर कोण बसलंय? मी जिथे हे चिकट रोगण लावते तिथे ते बसतं. रोगण नसेल तिथे राजा असला तरी नाही बसत."

वहिनीला हे उत्तर पुरलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला बसल्यावर डोळ्यांपुढे देवाच्या वलयाशेजारी ती दाढी आली, तो हिरवा झगा आला, आणि नवल म्हणजे तिला क्षमा मागावीशी वाटली नाही. अंगावर काटा आला तेवढा.

आज चादर झटकली तेव्हा सोनआत्या एकोणिसाव्या फळीवर होती, सूर्यावर; त्यानंतर एकच फळी उरत होती. परवा प्रदर्शन. धान्याच्या एका जुन्या गोदामाचा आता दिवाणखान्यासारखा हॉल केला होता, तिथे बावीस खिळे ठोकून तयार होते. आदल्या दिवशी काचवाला काचा देऊन गेला होता. वहिनीने कागदात गुंडाळलेल्या काचा दोनदा मोजल्या.

"ताई, चित्रं बावीस. काचा एकवीसच आहेत. मोजायला चुकलात का?"

"मी?" एवढंच सोनआत्या म्हणाली होती, आणि तो 'मी' असा होता की वहिनीने पुढे विचारलं नाही.

कारण तिला ठाऊक होतं, काच कुठल्या चित्राची नव्हती ते. सहावी फळी. प्रेमी.

जुन्या पत्त्यात म्हणे एक पुरुष, एक बाई आणि वर आशीर्वाद देणारा देवदूत असतो. लेकीच्या फळीवर बसथांब्याचा बाक होता. बाकावर पाठमोऱ्या बसलेल्या दोन बायका, मध्ये एकच पिशवी, तिचा एकेक बंद दोघींच्या हातात. एकीचे केस मानेवर आखूड कापलेले आणि कमरेला ॲप्रनची गाठ. दुसरीचा पांढरा अंबाडा, त्यात खोचलेली लाल पेन्सिल. वर सूर्याची मोठी थाळी, अजून कोरी.

अंबाड्यात लाल पेन्सिल खोचून हिंडणारी बाई या घरात रोज दिसायची. भूगोलबाई. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या आणि एकतीस वर्षांपूर्वी माडीवरच्या एका खोलीत भाडेकरू म्हणून आल्या होत्या. दुसऱ्या खोलीत सोनआत्या. मधलं दार बंद झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. पाहिलं नव्हतं म्हणून कुणी विचारलंही नव्हतं. भाडं घ्यायचं कधी बंद झालं, तेही कुणाला आठवत नव्हतं.

लेकीने दोघींना विचारलं होतं, तुम्हाला रंगवू का? भूगोलबाई म्हणाल्या, "रंगव, पण जाड दाखवू नकोस." सोनआत्या म्हणाली, "नाही." मग लेकीने दोघींना पाठमोरं रंगवलं आणि शब्द दिला, की आत्या हो म्हणाली तरच हे भिंतीवर जाईल. सोनआत्या म्हणाली, सोनं लावून देते, बाकीचं बघू. आणि काचा मागवल्या एकवीस.

अकराच्या सुमारास वहिनी चहा घेऊन गेली. दार ढकलायच्या आधी फटीतून तिला आतलं दिसलं. सोनआत्याने सहाव्या फळीवरच्या सूर्याच्या थाळीवर रोगण लावून संपवलं होतं, पाण्यासारखं पारदर्शक, लावलं तरी दिसू नये असं. ब्रशच्या टोकाचा उरलेला थेंब नेहमीप्रमाणे अंगठ्याने पुसला. मग ती तशीच वाकून उभी राहिली. तिचा हात खाली सरकला आणि रंगवलेल्या त्या पेन्सिलवाल्या बाईच्या खांद्यावर टेकला. झोपलेल्या माणसाला उठवायचं असतं आणि उठवावंसंही वाटत नाही, तेव्हा टेकतो तसा.

धूळ बघत असतील, वहिनीने स्वतःला सांगितलं, आणि मुद्दाम कप वाजवत आत गेली.

दोन वाजता लेक आली, चित्रं गुंडाळायला पुठ्ठे घेऊन. सोनआत्याने बोटाचं मागचं पेर रोगणाला टेकवून उचललं. बारीकसा 'टिक्' आवाज आला. म्हणजे रोगण पिकलं, सोनं धरायला तयार झालं. मग तिने वर्खामागून वर्ख सोडले, एकमेकांवर चढलेले, थाळीच्या बाहेर सांडलेले, खालच्या दोन बायकांवरही पसरलेले. हे असंच असतं. आधी सगळं सोन्याने माखतं, आणि मग मऊ ब्रशने झटकलं की रोगण नसेल तिथलं उडून जातं आणि खरा आकार उरतो.

झटकायचं काम गेल्या आठवड्यापासून वहिनीकडे होतं. हात हलका होता तिचा.

"चादर समजू नकोस म्हणजे झालं," सोनआत्या म्हणाली.

वहिनीने श्वास धरून ब्रश फिरवला. सोनेरी भुगा उडाला, फळीच्या कडेला साचला. सूर्य वर आला, इतका लख्ख की तिघींच्या हनुवट्या पिवळ्या झाल्या. मग ती खाली आली. बाकावरचं सोनं उडालं. पिशवीवरचं उडालं. ॲप्रनच्या गाठीवरचं उडालं. अंबाडा मोकळा झाला, पेन्सिल लाल झाली.

खांद्यावरचं उडेना.

वहिनीने आणखी हळू फिरवला. आजूबाजूचं गेलं आणि मध्ये राहिला एक लांबट गोल, बोराएवढा. गोलगोल रेषा, केसाइतक्या बारीक, एकही तुटलेली नाही. आणि त्यांच्यातून तिरकी निघालेली पायवाट.

वहिनीच्या हातातला ब्रश खाली आला. अठ्ठावीस वर्षं या घरात राहून तिने त्या हाताचं लाखो वेळा केलेलं काम पाहिलं होतं. पण या हाताने स्वतःसाठी काही मागितलेलं आजच पाहिलं.

"चुकलं," सोनआत्या म्हणाली. "अंगठा पुसायचा राहिला. चाळीस वर्षांत असं कधी... खरवडते. अजून ओलं आहे, निघेल. संध्याकाळी दिवे लागेपर्यंत पक्कं बसेल, मग रंगासकट निघेल. सुरी दे."

लेकीने सुरी दिली नाही, लपवलीही नाही. "तुझं चित्र आहे, आत्या. तू म्हणशील तसं."

"माझं काय म्हणणं! पाठमोऱ्या बायका कुणीही असतील. पेन्सिली खोचणाऱ्या शंभर असतील. पण हा अंगठा? मी सोनं लावते त्या प्रार्थनाघराच्या रखवालदारालासुद्धा माहितीये, त्याच्या दाराच्या पितळी दांड्यावर वर्षानुवर्षं उमटत आलाय. उद्या त्यांनी म्हटलं, या बाईचा हात आमच्या देवाला नको, तर? मला दुसरं काय येतं? तिला यंदा निवृत्ती आहे, तिला बोलायला काय होतंय!"

"काय होतंय मला?" दारातून आवाज आला.

भूगोलबाई शाळेतून आल्या होत्या. खांद्याला पिशवी, अंबाड्यात पेन्सिल, चपला अजून पायात. त्यांनी तिघींची तोंडं पाहिली, टेबलाशी आल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक फळीला टेकेल इतक्या वाकल्या. वर्गात नकाशावर एखादी नदी शोधताना वाकत असतील तशा. खूप वेळ त्या सरळ झाल्याच नाहीत.

"एकतीस वर्षं सांगतेय हिला," त्या शेवटी म्हणाल्या, "काम झालं की हात धुऊन ये, मग मला हात लाव. ऐकेल तर शप्पथ. माझे निम्मे ब्लाऊज सोनेरी झालेत."

लेकीला हसू फुटलं आणि तिने ते तळहाताने दाबलं. सोनआत्या लाल झाली. "वहिनी उभी आहे इथे!"

"वहिनी रोजच उभ्या असतात." भूगोलबाईंचं हसू मात्र आता डोळ्यांत पाणी होऊन उतरलं होतं. "मी एकच मागितलं होतं तुझ्याकडे. परवा त्या चित्रासमोर पाच मिनिटं माझ्या शेजारी उभी राहा. नाही म्हणालीस, मी पुन्हा विषय काढला का? नाही ना. खरवड तू. पण मला सांगू नकोस की चुकून झालं."

त्या पिशवी ठेवून बाहेरच्या खोलीत गेल्या.

सोनआत्या वहिनीकडे वळली. एवढी शिड्यांवर चढणारी बाई, आणि चेहरा उंचावरून खाली बघितल्यासारखा झालेला. "तू माळ ओढतेस, वहिनी. पहाटे उठून पोथी वाचतेस. तुझ्या घरात राहते मी. तुला काय वाटेल, याचीच मला सगळ्यात जास्त..."

वहिनीला खूप काही बोलायचं होतं. देव, तेज, कोरी थाळी, असलं काहीतरी मोठं तिच्या मनात दाटून आलं होतं. तोंडातून आलं ते भलतंच.

"अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी एकाच ट्रेमध्ये दोन कप वर पाठवते मी," ती म्हणाली. "दुसरा कुणाचा, असं कधी विचारलं? दादांनी तरी विचारलं? त्यांचा कप खाली गार होतो, पण तुमच्या दोघींचा कधी गार होऊ दिला नाही."

एवढं बोलून तिला स्वतःचीच लाज वाटली. प्रार्थनेला बसल्यासारखे तिचे हात छातीशी जुळले होते, आणि समोर देवाचं चित्र नव्हतं, बसथांबा होता.

सोनआत्याने सुरी उचलली. दिव्याखाली धरली. अंगठ्याने धार पाहिली, त्याच अंगठ्याने. मग ती कपड्याने पुसून खोक्यात ठेवली. ब्रश धुतले, एकेक, साबणाने, केस सरळ करून. भुग्यातलं सोनं चिमटीने गोळा करून बाटलीत भरलं. रोगणाच्या डबीचं झाकण लावलं, काढून पुन्हा नीट लावलं. वहिनी बघत होती आणि तिला कळत होतं, की या बाईला एका कामाला इतका वेळ कधीच लागत नाही. खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर आलं, भिंतीवर चढलं आणि तिथून पुसट झालं. रस्त्यावरचे दिवे लागले.

सोनआत्याने वाकून, अंगठ्याला अंगठा न लावता, करंगळीने ती खूण चाचपली.

"बसलं," ती म्हणाली.

मग तिने खिशातली टेप काढली आणि सहाव्या फळीची लांबी घेतली. रुंदी घेतली. दोन्ही आकडे तळहातावर लिहिले.

बाहेरच्या खोलीत भूगोलबाई खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर सकाळची ती अर्धवट चादर आणि हातात तिची दोन टोकं, कुणी विचारलं तर काम करतेय म्हणायला. वहिनीने जाऊन उरलेली दोन टोकं धरली. दोघींनी चादर ताणली, मधोमध आणली, एकमेकींकडे चालत आल्या. चारही टोकं भूगोलबाईंच्या हातात गेली तेव्हा त्यांच्या खांद्यामागे सोनआत्या उभी होती, पायात बूट, अंगात कोट, ॲप्रन अजून काढायचं राहिलेलं.

"काचवाला सातला बंद करतो," ती म्हणाली. "एक काच मागवायची राहिली होती. घेऊन येते."

"मोजायला चुकलीस?" भूगोलबाईंनी विचारलं.

"हो," सोनआत्या म्हणाली. "चल, दोघींनी धरली तर फुटायची नाही."

भूगोलबाईंनी चादर वहिनीच्या हातात दिली, आणि दोघी काचवाल्याकडे सहाव्या चित्राची काच आणायला निघाल्या.